रामबाण आणि पहारेकरी



इ. स. १९०८ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक दोघां शास्त्रज्ञांना विभागून मिळालें. एक जर्मनीचे पॉल एर्लिख, दुसरे पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतील इल्या मेच्निकॉफ. निरोगी भागाला झळ न लागूं देतां नेमकें रोगाच्या ठिकाणींच जाऊन लागणारें औषध सिद्ध करावें, हें एर्लिख यांचें ध्येय. त्यास त्यांनीं ‘जादूची गोळी’ म्हटलें; आपण रामबाण म्हणूं. मेच्निकॉफ यांनीं १८८२ सालीं सिसिली बेटावर तारामाशाच्या पारदर्शक पिलांत कांटा टोचून पाहिला, तों फिरत्या पेशींनीं त्या कांट्याभोंवतीं वेढा घातलेला त्यांना दिसला. शरीरांत शिरलेला परका पदार्थ गिळून टाकणारे हे पहारेकरी होत. पुढें पाउणशें वर्षांनीं एकाचें स्वप्न साकार करण्याची खटपट सुरू झाली, तेव्हां तिची वाट अडवून उभे राहिले ते दुसऱ्यानें दाखविलेले हे पहारेकरीच. आजचा इतिहास ह्या झगड्याचा आहे.

रामबाण सोडावयाचा तर औषधाला वाहन हवें. तें रसायनशास्त्रानें पुरविलें. रबरासारखे पदार्थ म्हणजे असंख्य लहान रेणूंची एकापुढें एक गुंफलेली लांबलचक माळ होय, असें हर्मान स्टाउडिंगर यांनीं १९२० सालीं प्रतिपादिलें. अनेक समकालीनांनीं तें मानलें नाहीं. परंतु १९५३ सालीं त्यांनाहि नोबेल पारितोषिक मिळालें. अशा पदार्थास बहुवारिक अथवा पॉलिमर म्हणतात.

ह्या बहुवारिकांचे अतिसूक्ष्म कण औषधासाठीं करण्याचा उद्योग झुरिकच्या तंत्रविद्यापीठांत पेटर श्पायझर व त्यांच्या शिष्यांनीं आरंभिला. त्यांचे महत्त्वाचे निबंध १९७६ सालीं प्रसिद्ध झाले. लस अधिक प्रभावी करावी, हा त्यांचा हेतु होता. हे कण किती लहान? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे शंभर नॅनोमीटर. अशा कणाहून रक्तांतील तांबडी पेशी सुमारें सत्तरपट रुंद असते. परंतु आरंभींचीं बहुवारिकें शरीरांत सहजीं विरत नसत. औषध पोंचविलें, तरी वाहन घरांतच ठाण मांडून बसे.

तेव्हां विरून जाणाऱ्या द्रव्यांचा शोध सुरू झाला. १९७९ सालीं पॅट्रिक कूव्रर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या जातीचें, पण शरीरांत झिजून जाणारें बहुवारिक वापरलें. दुसरें द्रव्य आलें तें शस्त्रक्रियेच्या टाक्यांतून. टाके घालण्याचा जो दोरा आपोआप विरघळतो, तशाच जातीचीं हीं बहुवारिकें लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांपासून बनतात. शरीर हीं आम्लें पचवितें आणि शेवटीं पाणी व कार्बन डायऑक्साइड वायु एवढेंच उरतें.

आतां पहारेकऱ्यांचा प्रश्न. कण रक्तांत शिरतांच रक्तांतील प्रथिनें त्यास चिकटतात. ती खूण ओळखून यकृतांतील व प्लीहेंतील भक्षक पेशी त्याला गिळतात. १९९४ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट लँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल ह्या पाण्याशीं सख्य असलेल्या बहुवारिकाचें कवच चढविलें. प्रथिनें फारशीं चिकटेनात आणि कण रक्तांत पुष्कळ वेळ फिरूं लागले. २००७ सालीं दक्षिण कोरियानें पॅक्लिटॅक्सेल हें कर्करोगावरील औषध बहुवारिकाच्या कणांतून देण्यास मान्यता दिली. हें औषध पाण्यांत विरघळत नाहीं. एरवीं तें एरंडेलापासून केलेल्या द्रावकांतून देत, आणि त्या द्रावकाची कित्येक रोग्यांना बाधा होई. ती टळली, हा लाभ खराच.

परंतु रामबाण साधला काय? २०१६ सालीं टोरोंटोच्या संशोधकांनीं मागील दहा वर्षांतील प्रयोगांचा हिशेब मांडला. विविध प्रकारच्या सूक्ष्म कणांपैकीं गांठींत पोंचणाऱ्या भागाचें मध्यम प्रमाण शेंकडा ०.७ भरलें. शंभरांतील एकहि नाहीं! शिवाय त्या कवचाविरुद्धच कांहीं लोकांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें आढळतात. पहारेकरी चोरवेषहि ओळखूं लागले.

म्हणून आजच्या संशोधनाची एक शाखा निराळ्या वाटेनें जाते. पहारेकऱ्यांस चुकविण्याऐवजीं ती त्यांनाच निरोप धाडते. लशीचें काम तरी दुसरें काय आहे? शत्रूची ओळख पहारेकऱ्यांना करून द्यावयाची. कण गिळला जाणें हा तेथें पराभव नसून उद्देशच आहे. झुरिकच्या मंडळींनीं प्रथम हातीं घेतलेलें काम तें हेंच.

आपल्या घरांत दुर्धर दुखणें आलें, म्हणजे नव्या उपायाच्या वार्तेनें मन हरखून जातें. तें स्वाभाविक आहे. तरी त्या वेळीं वैद्यास दोन प्रश्न अवश्य विचारावे: औषधाचा किती भाग ठिकाणीं पोंचतो? आणि औषध उतरविल्यावर वाहनाचें काय होतें? गेल्या पन्नास वर्षांचा हा सारा इतिहास ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यांतच गेला आहे.