बालकांतील मौखिक प्रतिजैविके

तोंडावाटे दिलेले प्रतिजैविक लहान मुलाच्या आतड्यातून रक्तात उतरते, अंगभर पसरते, काही अंशी यकृतात बदलते आणि बहुतेक लघवीवाटे बाहेर पडते. पहिल्या दोन वर्षांत यातला प्रत्येक टप्पा वयागणिक बदलत असतो. म्हणून मोठ्या माणसाची गोळी अंदाजाने पाव-अर्धी करून मुलाला देणे चूक आहे.

जन्मानंतरच्या काळात जठरात आम्ल कमी असते. ते प्रौढांइतके व्हायला सुमारे दोन वर्षे लागतात. आम्लात नासणारे पेनिसिलिन त्यामुळे नवजात बाळात जास्त शोषले जाते. मात्र पहिले सहा-आठ महिने जठर सावकाश रिकामे होते, आणि औषधाची रक्तातील कमाल पातळी उशिरा गाठली जाते. अ‍ॅमॉक्सिसिलिन आम्लात टिकते, अंगावरच्या दुधानंतर किंवा पेजेबरोबर दिले तरी चांगले उतरते. अँपिसिलिनचे शोषण अन्नाने घटते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बरेचसे वाया जाते.

नवजात बाळाच्या वजनात सुमारे तीनचतुर्थांश पाणी असते; वर्षाच्या मुलात ते 60 टक्क्यांच्या आसपास येते. पाण्यात विरघळणारे औषध त्यात पसरून विरळ होते, म्हणून किलोमागे मात्रा प्रौढांपेक्षा जास्त लागते. सल्फा औषधे रक्तातील अल्ब्युमिनवरून बिलिरुबिनला हटवतात आणि ते मेंदूत शिरू शकते. कावीळ असलेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सल्फायुक्त को-ट्रायमोक्साझोल टाळतात ते यासाठी. यकृताच्या कच्चेपणाचा सर्वांत दुःखद धडा क्लोरअ‍ॅम्फेनिकॉलने दिला. ते निष्प्रभ करणारे विकर नवजात यकृतात पुरेसे नसते. औषध साठत गेले, बाळे राखाडी पडून दगावली. 1959 मध्ये हे कारण स्पष्ट झाले.

अ‍ॅमॉक्सिसिलिन मुख्यतः न बदलता मूत्रपिंडातून जाते. मूत्रपिंडाची गाळणक्षमता प्रौढांच्या तोडीला यायला जवळजवळ वर्ष लागते, म्हणून नवजात बाळात या औषधाचा अर्धायुकाल (रक्तातील पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) तीन-चार तासांपर्यंत लांबतो. मोठ्या मुलात तो तास-दीड तासाचा असतो. चालू-बोलू लागलेले मूल अनेक औषधे किलोमागे प्रौढांहूनही वेगाने बाहेर टाकते. तीव्र कुपोषणात हे सारे गणित पुन्हा बिघडते: आतडे नीट शोषत नाही, सुजेत पाणी साठते, मूत्रपिंड मंदावते.

महाराष्ट्रात या ज्ञानाची खरी कसोटी गडचिरोलीत लागली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखून तोंडावाटे को-ट्रायमोक्साझोल द्यायला शिकवले. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार उपचार मिळालेल्या 612 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के होते, तुलनेच्या गावांत 13.5 टक्के. निरक्षर दायांसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधनही तिथेच घडले. प्रस्तुत लेखकाला या प्रयोगाचे मोल फार वाटते. माहूर-किनवटच्या डोंगरातील तांडे आणि गुडे या वस्त्यांची गरज हीच आहे: तोंडावाटे घेतलेले औषध बाळाच्या फुप्फुसापर्यंत पोचते, पण ते त्याच दिवशी गावात मिळाले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2014 पासून दोन महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या न्यूमोनियासाठी अ‍ॅमॉक्सिसिलिनची शिफारस केली आहे: किलोमागे किमान 40 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सहसा पाच दिवस. पाण्यात विरघळणारी 250 मिलिग्रॅमची गोळी यासाठी सोयीची पडते. कोरड्या पावडरचे सिरप एकदा पाणी घालून तयार केले की थोडेच दिवस टिकते. काही सिरपांत जोडीला असलेल्या क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडला तर उष्णता अजिबात सोसत नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्रीज नसलेल्या घरी ही अडचण लहान नाही. पाणी उकळून गार केलेले, बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालायचे. दर वेळी बाटली हलवायची, कारण औषध तळाशी बसते. घरातले चमचे सारखे नसतात, मापाचे टोपण वापरावे.

डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो पुन्हा देतात. बाळ प्रत्येक घोट ओकत असेल, अंगावर पीत नसेल, झटके येत असतील किंवा जागे होत नसेल, तर सुईवाटे प्रतिजैविक सुरू करण्यासाठी वाट न पाहता रुग्णालयात न्यावे लागते. दोन महिन्यांखालील आजारी बाळाबाबतही हेच.