चंद्रावर माणूस गेला होता, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे का?

थ्रेड 👇

१/ भिंगारहून पाथर्डीच्या रस्त्याने निघाले की शाह डोंगरावरची तीन मजली, अष्टकोनी वास्तू दुरूनच नजरेत भरते. सारा नगर जिल्हा तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो. प्रत्यक्षात ती मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. तो १५८९ मध्ये वारला.

२/ हा समज चुकीचा, पण निरुपद्रवी आहे. तळघरातील कबर दाखवली की ऐकणारा “असं होय!” म्हणतो आणि विषय संपतो. पुरातत्त्व खात्याने सत्य दडपले, असा आरोप कोणी करीत नाही. ही साधी चूक आहे आणि ती माहितीने दुरुस्त होते. संशयातून जन्मलेल्या असत्याचे तसे नसते.

३/ अशा संशयाचे उदाहरण भिंगारलगतच्या भुईकोट किल्ल्यातच घडले. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने शहजादा मुरादच्या मोगली फौजेपासून हा किल्ला राखला. १६०० मध्ये मोगल पुन्हा चालून आले. तेव्हा किल्ला वाटाघाटीने सोडून बाल निजामशहासह जुन्नरला जावे, असा विचार तिने हमीदखानापाशी बोलून दाखवला.

४/ फरिश्त्याच्या वृत्तान्तानुसार हमीदखानाने ‘ती मोगलांना फितूर झाली’ अशी हाकाटी केली आणि खवळलेल्या जमावाने तिला ठार मारले. थोड्याच काळात किल्ला पडला. वाटाघाटीचा विचार खरा होता, फितुरी खोटी होती. कटाची कथा बहुधा अशाच एखाद्या अर्धसत्याच्या आधाराने उभी राहते.

५/ चंद्रावतरणाच्या कथेतही असे अर्धसत्य आहे. १९६९ ते १९७२ या काळात सहा मोहिमांतून १२ माणसे चंद्रावर उतरली. अपोलो-११ चे तिघे अंतराळवीर ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईलाही येऊन गेले. ‘हे सारे बनावट’ असा दावा करणारे बिल केसिंग यांचे पुस्तक आले १९७६ मध्ये.

६/ हे वर्ष लक्षात घ्यावे. व्हिएतनाम युद्धात सरकारने जनतेची दिशाभूल केल्याचे उघड झाले होते. वॉटरगेट प्रकरणी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना १९७४ मध्ये राजीनामा द्यावा लागला होता. सरकार खोटे बोलू शकते, हा अनुभव खरा होता. त्यावरून ‘म्हणून चंद्रही खोटा’ असा निष्कर्ष मात्र निघत नाही.

७/ नेहमीच्या आक्षेपांची उत्तरे सोपी आहेत. झेंडा फडकलेला दिसतो, कारण त्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती. कापडावर घड्यांच्या सुरकुत्या होत्या. आकाशात तारे दिसत नाहीत, कारण लख्ख उन्हातील जमिनीसाठी जुळवलेल्या कॅमेऱ्यात अंधुक तारे उमटत नाहीत. रात्री दिव्याखाली छायाचित्र काढून हे कोणालाही पडताळता येते.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाला याहून मोलाची वाटेल ती शत्रूची साक्ष. बखरीतील नोंदीला मोगली अखबारात दुजोरा मिळाला की तिचे वजन वाढते. येथे प्रतिस्पर्धी होता सोव्हिएत संघ. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असतानाच सोव्हिएतांचे लूना-१५ हे मानवरहित यान तेथे कोसळले. ब्रिटनची जॉड्रेल बँक दुर्बीण दोन्ही यानांचा मागोवा घेत होती. अमेरिकेचे ढोंग उघडे पाडण्यात ज्यांचा सर्वाधिक लाभ होता, त्या सोव्हिएतांनी हे अवतरण नाकारले नाही.

९/ एक पुरावा आपल्या मुंबईचाही आहे. अपोलोने आणलेल्या ३८२ किलो दगडमातीपैकी काही नमुने कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अभ्यासले.

१०/ वैश्विक किरणांतील जड अणुकेंद्रे खनिजातून जाताना सूक्ष्म ओरखडे ठेवतात. रसायनाने ते उठावदार केले की सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. या ओरखड्यांतून कोट्यवधी वर्षांचा इतिहास वाचता येतो. पृथ्वीवर वातावरणाचे कवच असल्याने येथील उघड्या दगडावर असे ओरखडे साचत नाहीत. सर्व अपोलो मोहिमा बनावट ठरवायच्या, तर कुलाब्याच्या या संशोधकांनाही कटात सामील मानावे लागेल.

११/ पुढे २०२१ मध्ये आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने अपोलो-११ च्या अवतरणस्थळाचे छायाचित्र टिपले. त्यात मागे राहिलेला यानाचा तळभाग दिसतो.

१२/ तरीही वाद मिटत नाही. ज्याने कट गृहीत धरला आहे, त्याला प्रत्येक नवा पुरावा कटाचा नवा भाग वाटतो. मग खंडन करावे की नाही, हा पेच खुद्द नासालाही पडला. तिने खंडनपर पुस्तक लिहिण्याचे काम जेम्स ओबर्ग यांना दिले आणि ‘अशा दाव्यांना प्रतिष्ठा कशाला देता?’ अशी टीका होताच २००२ मध्ये ते रद्द केले. त्याच वर्षी खोटारडा म्हणणाऱ्या एकाला ७२ वर्षांच्या ऑल्ड्रिन यांनी ठोसा लगावला. गप्प बसून किंवा ठोसा मारून कोणाचीही शंका फिटली नाही.

१३/ ‘खंडनाने समज उलट घट्ट होतो’ असे २०१० च्या एका गाजलेल्या संशोधनावरून म्हटले जाई. मात्र थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी १०,००० हून अधिक लोकांवर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा उलटा परिणाम जवळजवळ आढळलाच नाही. बहुतेक माणसे तथ्य दाखवल्यावर त्याच्या दिशेने थोडी तरी सरकतात.

१४/ म्हणून खंडन करावे, पण कोणासाठी हे ओळखून. हट्टाने वाद घालणारा एक असतो. तो वाद मूकपणे वाचणारे शंभर असतात आणि त्यांतील अनेकांची शंका प्रामाणिक असते. उत्तर त्यांना द्यायचे आहे. जेथे अफवा पोहोचलेलीच नाही, तेथे ती आपण नेऊ नये. जेथे पोहोचली आहे, तेथे खिल्ली न उडवता आधी तथ्य सांगावे आणि ते आपल्याला कसे कळले तेही सांगावे.

१५/ १६०० साली किल्ल्यातल्या त्या जमावात ‘फितुरीचा पुरावा काय?’ असे विचारणारी माणसे पुरेशी नव्हती. तशी माणसे तयार करणे, हेच खंडनाचे खरे काम आहे. पुढच्या वेळी कोणी चंद्रावतरण खोटे म्हणाला, तर वाद सुरू करण्यापूर्वी एकच विचारावे: “कोणता पुरावा दाखवला तर तुमचे मत बदलेल?” उत्तर मिळाले तर चर्चा अवश्य करावी. ‘कोणताच नाही’ असे उत्तर आले, तर नमस्कार करून बाकीच्या वाचकांकडे वळावे.