बारावा कप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माढ्याच्या आमच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला माळ्यावरून एक लाकडी खोकं खाली उतरायचं. गवताच्या पेंढीतून आजी एकेक वस्तू काढायची. आधी घमेल्याएवढं काचेचं भांडं, मग ते ज्यावर ठेवायचं ती काचेची बैठक, मग काचेचीच पळी आणि शेवटी कानाचे छोटे कप. त्या भांड्यात कैरीचं पन्हं भरलं जायचं. आम्ही त्याला ‘पन्ह्याचा सट’ म्हणत असू. हा ‘पंच बाऊल’ आहे, साहेब लोक नाताळात तो मेजावर मांडत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हापासून जुनी काच जमवायचा नाद लागला.

गंमत अशी, की भांडं परकं असलं तरी नाव बहुधा आपलंच आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, सुरत, गोवा, जुन्नर असा हिंडला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली प्रसिद्ध झालं. त्यात तो सांगतो, की ‘पंच’ म्हणजे इकडच्या भाषेतले पाच, कारण या पेयात पाच जिनसा पडतात. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या त्या जिनसा. काही भाषाशास्त्रज्ञ हा शब्द पिंपासाठी असलेल्या एका इंग्रजी शब्दापासून आला असं मानतात. पण पंचामृत ज्याच्या तळहातावर पडलं आहे, त्या माणसाला फ्रायरचं म्हणणं चटकन पटतं. आमच्या पन्ह्यातही मोजून पाचच जिनसा पडायच्या : कैरी, गूळ, वेलदोडा, मीठ आणि पाणी.

हे पेय गलबतांवरून इंग्लंडला गेलं आणि तिथून अमेरिकेला. सुरुवातीला ते चिनी मातीच्या किंवा चांदीच्या भांड्यात केलं जाई. काच आली ती पुढे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वितळलेली काच साच्यात दाबून भांडी करण्याची यंत्रं निघाली आणि श्रीमंतांच्या कातीव काचेची नक्कल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. अस्सल कातीव काचेची हौसही मोठी होती. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी लिबी कंपनीनं केलेला पंच बाऊल सुमारे साठ किलो वजनाचा आहे. तो आज टोलेडोच्या संग्रहालयात आहे. साच्याचे स्वस्त सट मात्र घरोघर गेले. वर्षातून एकदा नाताळात काढायचे आणि पुन्हा खोक्यात ठेवायचे. म्हणूनच ते टिकलेही.

दोन्हींतला फरक बोटांना कळतो. कातीव काचेच्या नक्षीची धार बोटाला लागते, साच्याच्या काचेची नक्षी गुळगुळीत असते. साच्याचे भाग जिथं जुळतात तिथं बारीक शिवण दिसते. बुडाशी वर्षानुवर्षांच्या वापराचे ओरखडे हवेत; ते नसतील तर वस्तू नवी आहे असं समजावं. काही जुन्या काचेत हिरवट झाक घालवण्यासाठी मँगनीज घालत. अशी काच बरीच वर्षं उन्हात राहिली की जांभळट होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सट पूर्ण हवा. बैठक, भांडं, पळी आणि बारा कप. एका कपाचा टवका उडाला किंवा कान तुटला, की किंमत घसरते.

आमचा सट साच्याचा आहे. तो माढ्यात आला रेल्वेमुळे. पुणे-सोलापूर लोहमार्ग १८६० साली सुरू झाला आणि माढा त्याच मार्गावर आहे. जवळच कुर्डुवाडी. तिथून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे ही नॅरोगेजची गाडी बार्शीपर्यंत धावू लागली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. ही कंपनी विलायतेतली. तिचे साहेब कुर्डुवाडीत राहत, नाताळ करत. १९५४ साली सरकारनं ही रेल्वे ताब्यात घेतली. त्यानंतर साहेबांच्या बंगल्यांतलं सामान विकायला निघालं आणि तिथं कारकून असलेल्या माझ्या आजोबांनी हे खोकं घेतलं, असं घरात सांगत.

आजोबा खादी वापरणारे. विलायती भांडं घरात आणावं की नाही, यावर ते आठवडाभर घुटमळले होते म्हणे. आज याचं हसू येईल, पण त्यांच्या पिढीला काच म्हणजे स्वदेशीचा प्रश्न होता. बांगडीपासून कंदिलाच्या चिमणीपर्यंत सगळी काच ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियमहून यायची. त्यावर उपाय म्हणून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी कारखाने उभे करायचे. काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. जपान आणि अमेरिकेत काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखान्याची घडी बसवली. तिथं माल निघालाच, पण कारागीरही तयार झाले आणि ते देशभर पसरले. १९१४ च्या महायुद्धानं युरोपची काच बंद झाली. १९१६ साली औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत लागला.

हा इतिहास आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवा. काच कुठं बनली, हा प्रश्न आपण विचारला. पण काचेबाबत दुसराही एक प्रश्न आपल्या घरांत होता, आणि तो आपण फारसा सांगत नाही. या कपातून कोण पिणार?

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी गेली असता त्यांच्यापुढे चहा ठेवला गेला. कोणी प्यायले, कोणी नाही. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि केवढा गदारोळ झाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं. एका कप चहाची ही कथा. तो गदारोळ वरच्या जातींतल्यांचा, म्हणून तो इतिहासात आला. गोठ्याच्या कोनाड्यात निराळ्या ठेवलेल्या कपाची नोंद मात्र कोणी केली नाही. ती पुढे दलित लेखकांनी स्वतः केली.

आता आमच्या सटाकडे येतो. माझ्याकडे तो आला तेव्हा कपाटात अकरा कप होते. बारावा फुटला असेल असं धरून चाललो. घर दुरुस्तीला काढलं, गोठा पाडायला घेतला, तेव्हा कोनाड्यातल्या धुळीत बारावा सापडला. नक्षी तीच, शिवण तीच, कान मात्र तुटलेला. तुटल्याची कडाही वापरून गुळगुळीत झालेली. मी तो धुऊन इतरांशेजारी ठेवला. पुण्याच्या एका संग्राहकानं फोटो पाहून सांगितलं, की तसाच चांगला कप मिळवून देतो, हा काढून टाका, सट पूर्ण होईल.

त्याच सुमाराला गावातले एक निवृत्त गुरुजी घरी आले. त्यांचे आजोबा आमच्या गोठ्यात शेणाचं, वैरणीचं काम करायचे. कपाटापुढे उभे राहून ते म्हणाले, “हा आमच्या आजोबांचा.” मला काय बोलावं सुचेना. थोड्या वेळानं तेच बोलले, “ते सांगायचे, चहा कढत असायचा आणि धरायला कान नसायचा. धोतराच्या सोग्यात धरून प्यायचे. पिऊन झाला की आपणच धुऊन कोनाड्यात ठेवायचा.”

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. तो कायद्यानं गुन्हा ठरला १९५५ साली. आणि आमचं हे खोकं माढ्यात आलं ते १९५४ नंतर. म्हणजे हा कप कोनाड्यात गेला तो कलम आल्यानंतर. विलायती भांड्यासाठी आठवडाभर घुटमळणारे माझे आजोबा गोठ्यातल्या कपासाठी एक दिवसही घुटमळले नसावेत. ते वाईट नव्हते. माझ्यावर त्यांचा फार जीव होता. पण हेही खरं आहे, आणि दोन्ही एकाच घरातलं आहे.

मी पुण्याच्या त्या गृहस्थांना नको म्हणून कळवलं. तो कप तुम्ही नेता का, असंही मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, “आमच्या घरी नको. तुमच्याकडंच राहू द्या, आणि कोणी विचारलं तर सांगत जा.” म्हणून तो आज इतर अकरांच्या रांगेत आहे. माझ्या नोंदवहीत त्या सटापुढे मी लिहिलं आहे : बारा कप, पैकी अकरा माजघरात वापरलेले, एक गोठ्यात.

तुमच्या घरीही माळ्यावर असं एखादं खोकं असेल. ते जरूर खाली काढा. काच कुठली, किती जुनी, हे जाणकार सांगतील. पण त्यातून कोण प्यायलं आणि कोणाला वेगळं ठेवलं, हे सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. त्यांना विचारा, चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्याच खोक्यात ठेवा.