ओखामंडळाचा वारा आणि त्याचा हिशेब

बडोदे संस्थानाचा जुना नकाशा ज्यांच्या घरी अजून जपून ठेवलेला असेल, त्यांनी तो एकदा पुन्हा उलगडून पाहावा. सौराष्ट्राच्या अगदी पश्चिम टोकाला, मुख्य मुलखापासून दूर तुटलेला एक लहानसा तुकडा त्यांना दिसेल. तो ओखामंडळ महाल. १८१७ च्या तहाने तो गायकवाडांकडे आला आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. द्वारका आणि बेट ही दोन तीर्थक्षेत्रे सोडली, तर दरबारच्या दृष्टीने त्या भूमीत मिरविण्यासारखे फारसे काही नव्हते. आमच्या लहानपणी जुन्या नोकरदार मंडळींच्या बोलण्यात ओखामंडळची बदली म्हणजे जवळजवळ शिक्षाच, असा सूर असे. खारे पाणी, खुरटी झाडे आणि दिवसरात्र कानांत घोंघावणारा वारा, एवढेच त्या वर्णनात ऐकू येई.

ज्या वाऱ्याला आमच्या वाडवडिलांनी कंटाळून नावे ठेवली, तोच आज त्या प्रदेशाचे धन मानला जातो. गुजरातेत पवनचक्क्यांनी वीज निर्माण करण्याचा आरंभ ज्या ठिकाणी झाला, त्यांत ओखा हे एक. या शक्तीचे लाभ कोणते आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार म्हणूनच बडोदेकरांनी ओखामंडळापासून सुरू करणे योग्य होईल.

ओखामंडळाला वाऱ्याचा उपयोग पूर्वी ठाऊकच नव्हता, असे मात्र नाही. किनाऱ्यावरची शिडाची गलबते वाऱ्यावरच चालत. पण त्या व्यवहारातही एक मर्यादा होती. ज्येष्ठ-आषाढातला नैर्ऋत्येचा वारा एवढा प्रबळ असे, की त्या दिवसांत गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागत आणि नारळी पौर्णिमेनंतरच दर्यावर्दी पुन्हा बाहेर पडत. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ मध्ये, ओखा बंदर सुरू झाले. पुढे मिठापूरला मिठागरे व रासायनिक उद्योग उभा राहिला आणि १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली. समुद्राचे पाणी आटवून मीठ करायचे तर कडक ऊन हवे तसा कोरडा, वाहता वाराही हवा. म्हणजे विजेच्या पुष्कळ आधीपासून ओखामंडळचा वारा संस्थानाच्या उत्पन्नात भर घालीत होता. फक्त त्याचे नाव कोणत्याही जमाखर्चात लिहिले जात नव्हते.

वाऱ्यावर चक्की फिरविण्याची कल्पना फार जुनी आहे. इराणच्या सिस्तान प्रांतात उभ्या आसाच्या चक्क्यांवर धान्य दळीत, आणि हॉलंडने पवनचक्क्यांच्या बळावर समुद्रसपाटीखालच्या जमिनीतले पाणी उपसून शेती राखली. वाऱ्यापासून वीज करण्याच्या कामी मात्र डेन्मार्क या लहान देशाचे श्रेय मोठे आहे. पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ मध्ये आस्कोव या गावी आपली प्रायोगिक चक्की उभारली आणि खेड्यापाड्यांतील लोकांना वीजविद्येचे शिक्षणही दिले. त्याच्या वर्गात शिकलेल्या योहानेस यूल याने १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची चक्की चालू केली. त्या काळी खनिज तेल एवढे स्वस्त होते की तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा जगाला यूलची आठवण झाली. डेन्मार्कमधील शेतीची अवजारे करणारे कारखाने पवनचक्क्या करू लागले आणि त्याच परंपरेतील ५५ किलोवॉटची यंत्रे १९८६ मध्ये ओख्याच्या किनाऱ्यावर येऊन उभी राहिली. त्याच सुमारास कोकण किनाऱ्यावर आणि तमिळनाडूतही असे प्रात्यक्षिक प्रकल्प झाले. आदल्याच वर्षी वेरावळ येथे एका लहान यंत्राचा प्रयोग झाला होता.

यंत्र परदेशातून आणता येते, पण वारा आपलाच मोजावा लागतो. हे मोजणीचे काम ज्यांनी केले त्यांची नावे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहेत. अण्णा मणी या विदुषी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. हवामानाची उपकरणे देशातच घडविण्याच्या कामात त्यांनी उमेदीची वर्षे घालविली, आणि निवृत्तीनंतर डी. ए. मुळे यांच्यासह देशातील वाऱ्याची आकडेवारी संकलित करून १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. त्यामुळे वेगाच्या मोजणीत थोडी चूक झाली, तरी विजेच्या अंदाजात मोठी तफावत पडते. चक्की उभारण्यापूर्वी मनोरा उभारून वर्षानुवर्षे वारा मोजावा लागतो, तो याच कारणाने.

आता लाभांचा विचार करू. वाऱ्याला कोळशासारखी खाण लागत नाही, वाघिणी लागत नाहीत, धूर होत नाही, राख साचत नाही. औष्णिक वीजकेंद्राला पाणी फार लागते. पवनचक्कीला ते जवळजवळ लागतच नाही, आणि सौराष्ट्र-कच्छासारख्या तहानलेल्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हे. चक्कीचा पाया थोडीशी जागा घेतो, दोन चक्क्यांमध्ये बरेच अंतर राखावे लागते आणि मधल्या जमिनीत शेती चालू शकते. इंधनाचा भाव चढला म्हणून वाऱ्याचा भाव चढत नाही. सूर्यशक्तीशी त्याची जोडीही चांगली जमते, कारण सूर्य मावळल्यावर आणि पावसाळी ढगाळ दिवसांत वारा काम करीत राहतो. पूर्वी ज्या महिन्यांत गलबते किनाऱ्याला पडून राहत, तेच महिने आज चक्क्यांच्या सुगीचे असतात.

मात्र या सुगीला एक मोठी मर्यादा आहे. वारा आपल्या मर्जीने वाहतो. ५५ किलोवॉटचे यंत्र वर्षभर अखंड पूर्ण शक्तीने चालले, तर सुमारे ४ लाख ८२ हजार युनिट वीज होईल. पण वारा कधी मंद असतो, कधी पडलेला असतो. त्यामुळे अशा जुन्या यंत्राकडून त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे लाखभर युनिट मिळाले तरी समाधान मानावे लागे. नवी यंत्रे अधिक उंच आणि अधिक कार्यक्षम आहेत, तरीही स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतले अंतर राहतेच. मार्च २०२५ अखेर देशाची पवनऊर्जेची क्षमता ५०,००० मेगावॉटच्या पुढे गेली आणि राज्यांत गुजरात पहिल्या स्थानी होते. देशाच्या एकूण वीजक्षमतेत हा वाटा सुमारे एक दशांश होता. पण २०२४-२५ या वर्षात तयार झालेल्या एकूण विजेत वाऱ्याचा वाटा विसाव्या हिश्श्याच्या आसपासच राहिला. भाषणांत पहिला आकडा सांगितला जातो. घरातला दिवा मात्र दुसऱ्या आकड्यावर लागतो.

हे दोन आकडे वेगळे ठेवले नाहीत म्हणजे काय होते, याचा धडा सरकारी धोरणाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८० नंतर पवनचक्क्यांना करसवलती दिल्या, तेव्हा अनेक कच्ची यंत्रे केवळ सवलतीसाठी उभी राहिली. आल्टामाँट खिंडीत तर वाऱ्याची पारख झाली पण पक्ष्यांच्या वाटेची झाली नाही, आणि सुवर्णगरुड पात्यांना आदळून मरू लागले. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळू लागला. गुजरात सरकारचेही १९९३ मध्ये धोरण आले. ज्यांचा विजेशी काही संबंध नव्हता असे कारखानदारही मार्चअखेर चक्क्या उभारू लागले. पाते फिरो न फिरो, आयकर वाचला की त्यांचे काम झाले! नफा यंत्र उभारण्यात होता, वीज करण्यात नव्हता.

या घाईची परीक्षा निसर्गानेच घेतली. ९ जून १९९८ रोजी पोरबंदरनजीक धडकलेल्या चक्रीवादळाने कांडल्यापर्यंत हाहाकार केला आणि मोठी मनुष्यहानी झाली. त्याच वादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील अनेक पवनचक्क्याही मोडून पडल्या. त्यानंतर काही वर्षे गुजरातेत हे काम थंडावले. पुढे २००९ मध्ये केंद्र सरकारने प्रत्यक्ष निर्मितीच्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना आणली, आणि २०१७ पासून स्पर्धात्मक लिलाव सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या लिलावात दर युनिटला २ रुपये ४३ पैशांपर्यंत उतरला. हे ग्राहकाच्या हिताचेच झाले. पण एवढ्या कमी दरात वीज द्यायची तर जिथे सर्वांत जोराचा वारा असेल तिथेच जावे लागते. म्हणून सगळ्यांची पावले कच्छकडे वळली.

इथे आम्हाला आमच्याच लेखणीचा दोष कबूल केला पाहिजे. राज्य सरकारच्या नोकरीत आमच्या हातून जमिनीचे कितीतरी कागद गेले. गुजरातच्या महसुली दप्तरात 'खराबो' असा एक शब्द आहे. ज्या जमिनीवर पीक नाही आणि सारा नाही, ती खराबो. अशा जमिनी मागितल्या गेल्या की 'हरकत नाही' असा अभिप्राय देताना आम्हाला कधी फार विचार करावा लागला नाही. पण दप्तरातली ही ओसाड जमीन प्रत्यक्षात ओसाड नसते. रबारी आणि चारण मालधारींची गुरे तिथे चरतात, काटेरी झुडपांत ससे-तितर राहतात, आणि गावाची सरपणाची गरज तिथूनच भागते. ओखामंडळाविषयीही दरबारी मंडळींची समजूत अशीच होती. ती भूमी रिकामी नव्हती, हे वाघेर लोकांनी १८५७ नंतरच्या दशकात हाती शस्त्र घेऊन दाखवून दिले. जोधा माणेक आणि मुळू माणेक ही नावे तिथे अजून लोकगीतांत गायली जातात.

आजच्या चक्कीचे दांडगेपण पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १९८६ च्या पन्नासांहून अधिक यंत्रांचे बळ आता एका यंत्रात सामावते. त्याचा पाया लहान असला, तरी शंभर मीटरहून उंच मनोरा आणि प्रचंड पाती नेण्यासाठी रुंद रस्ते लागतात, अवजड क्रेन फिरविण्यास मोकळी जागा लागते आणि वीज वाहून नेण्यास तारांचे जाळे लागते. कच्छमध्ये नखत्राणा तालुक्यातील सांगनाऱ्याच्या ग्रामस्थांनी आपले काटेरी रान राखण्यासाठी विरोध केला, तो याच कारणाने. अबडासा तालुक्यात नलियाजवळच्या गवताळ माळावर तर माळढोक पक्ष्याचाच प्रश्न उभा राहिला. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे हा पक्षी मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. अंगाने जड आणि समोरचे नीट न दिसणारा हा पक्षी उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. नलिया परिसरात मागे मोजक्या माद्याच उरल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये या पट्ट्यातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. पण विस्तीर्ण प्रदेशात तसे करणे कठीण आहे, असे सरकारने मांडल्यावर मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. धूर टाळण्याचे पुण्य आणि एक पक्षिकूळ गमावण्याचे पाप यांची तुलना कोणत्या तराजूत करावी, हे सांगणे सोपे नाही.

विरोधाचे प्रत्येक कारण खरे असते, असेही नाही. पश्चिम महाराष्ट्रात २००३ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा पवनचक्क्या ढग पळवितात असा समज खेडोपाडी पसरला. ढग त्या मनोऱ्यांच्या कितीतरी वर असतात आणि पाऊस समुद्रावरून येणाऱ्या मोसमी प्रवाहांवर अवलंबून असतो. त्या समजाला शास्त्राचा आधार नाही. पण असा समज रुजतो कशामुळे, हेही पाहिले पाहिजे. आपल्या डोंगरावर कोणीतरी परका येऊन यंत्र उभारतो, वीज तारांवाटे दूर निघून जाते आणि गावाच्या वाट्याला पहारेकऱ्याच्या दोन-चार नोकऱ्या येतात, असे दिसले म्हणजे लोक अफवेवर चटकन विश्वास ठेवतात.

हे सर्व लिहूनही आमचा कौल वाऱ्याच्या बाजूनेच आहे. कोळशाचा धूर आणि पाण्याची टंचाई यांचा भार पुढच्या पिढ्यांवर टाकण्यापेक्षा वाऱ्याची वीज बरी, यात आम्हाला शंका नाही. आमचे मागणे हिशेबाचे आहे. किती मेगावॉट उभे राहिले हे न सांगता किती युनिट मिळाले ते सांगावे. सर्वोत्तम वाऱ्याच्या जागा अडवून बसलेली जुनी, लहान यंत्रे काढून तिथेच नवी बसवावीत, म्हणजे नवे माळ मोडावे लागणार नाहीत. आणि जमीन देण्यापूर्वी 'खराबो' या शब्दावर न थांबता तिथे कोण चरते, कोण राहते, कोण उडते, याची नोंद व्हावी.

मिठागरांच्या काळी ओखामंडळच्या वाऱ्याचे नाव जमाखर्चात नव्हते. आता त्याची जमा मोठ्या अक्षरांत मांडली जाते, पण खर्चाची बाजू अजून कोरीच आहे. दप्तरातली एक बाजू कोरी असली, तर तो हिशेब मंजूर करू नये, असे आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकविले होते. वाऱ्याच्या बाबतीत ते आम्हाला फार उशिरा आठवले. आज त्या खुर्च्यांवर जे बसले आहेत, त्यांनी तरी ते वेळीच आठवावे.