फळ्यांखाली साठलेली आग

ब्रॅडफर्ड सिटीच्या मैदानावरची आग सांगताना बहुतेक जण ११ मे १९८५ च्या दुपारी ३.४० पासून सुरुवात करतात. टीव्हीच्या कॅमेऱ्याने ती तिथपासून टिपली, म्हणून. मला ती सुरुवात मान्य नाही. त्या दुपारी फक्त ठिणगी पडली. बाकी सगळं कित्येक वर्षं तिथेच होतं, लोकांच्या पायाखाली.

१९११

यॉर्कशरमधलं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. १९०३ साली रग्बी सोडून फुटबॉलकडे वळलेला इथला क्लब पाच वर्षांत इंग्लंडच्या पहिल्या विभागात पोचला आणि १९११ मध्ये त्याने एफए कप जिंकला. तो चषक त्या वर्षी नव्याने घडवलेला होता आणि घडवणारी पेढीही ब्रॅडफर्डचीच होती. त्याच भरभराटीच्या काळात, फुटबॉल मैदानांचा त्या जमान्यातला नावाजलेला रचनाकार आर्चिबाल्ड लीच याच्या आराखड्यावरून, व्हॅली परेड मैदानाचा मुख्य स्टँड उभा राहिला.

मैदान टेकडीच्या उतारावर. रस्ता वर, खेळपट्टी खाली. प्रेक्षक मागच्या रस्त्याने टर्नस्टाइलमधून आत येत आणि पायऱ्यापायऱ्यांनी खाली आपल्या जागेवर जात. जमीन लाकडी फळ्यांची, छप्परही लाकडी आणि त्यावर डांबर चढवलेलं फेल्ट. फळ्या आणि उताराची जमीन यांच्यामध्ये पोकळी होती. फळ्यांच्या फटींतून जे खाली पडे, ते तिथेच राही.

४ नोव्हेंबर १९६८, सोमवार

या दिवशी छापलेला 'टेलिग्राफ अँड आर्गस' या स्थानिक वर्तमानपत्राचा अंक पुढे कधीतरी एका फटीतून खाली गेला. आगीनंतर तपास करणाऱ्यांना तो तिथे सापडला. सहा पेन्स किंमत छापलेलं शेंगदाण्यांचं पाकीटही सापडलं. ब्रिटनमधलं ते जुनं चलन १९७१ मध्येच बंद झालं होतं. म्हणजे निदान चौदा वर्षं त्या पोकळीत कुणी झाडू फिरवला नव्हता.

१९८३

क्लब दिवाळखोरीत निघतो. नवे मालक पुढे येतात आणि तो कसाबसा वाचतो. खेळाडूंचे पगार भागवताना जिथे ओढाताण, तिथे जुन्या स्टँडकडे कोण बघणार? क्लबची गरिबी मला समजते. पण पोकळीतला कचरा काढायला फार पैसा लागला नसता.

१८ जुलै १९८४

वेस्ट यॉर्कशर काउंटी कौन्सिलकडून क्लबला पत्र येतं. स्टँड लाकडी असल्यामुळे आगीचा धोका आहे, आसनांखालच्या पोकळीत जळाऊ कचरा साठतो आहे, निष्काळजीपणाने टाकलेल्या एका सिगारेटनेही आग लागू शकते, असा त्यात स्पष्ट इशारा आहे. पत्र पोचतं, आणि पोकळीतला कचरा पोकळीतच राहतो. कौन्सिलही पाठपुरावा करत नाही.

कायदाही आडवा येत नाही. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९७१ मध्ये ६६ माणसं चेंगरून मेल्यावर सुरक्षा प्रमाणपत्राचा कायदा १९७५ साली झाला होता. पण दहा वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये तो वरच्या दोन विभागांतल्या क्लबांपुरताच लागू होता. ब्रॅडफर्ड तिसऱ्या विभागात. तिथला प्रेक्षक तेवढाच जळतो, हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही.

११ मे १९८५, दुपार

हंगामाचा शेवटचा सामना, प्रतिस्पर्धी लिंकन सिटी. निकालाला फारसं महत्त्व नाही, कारण तिसऱ्या विभागाचं विजेतेपद आधीच पक्कं झालं आहे. १९३७ नंतर पहिल्यांदा क्लब दुसऱ्या विभागात जाणार. गावात सण आहे. वडील मुलांना घेऊन आलेत, आजोबा नातवांना. ११,०७६ प्रेक्षक.

बढतीमुळे आता सुरक्षेचा कायदा लागू होणार, म्हणून छप्पर बदलायचं ठरलंय. नव्या छपरासाठी आणलेलं पोलाद स्टँडच्या मागे येऊन पडलं आहे. हंगाम संपला की काम सुरू. या साऱ्या घटनाक्रमात मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच पोलाद.

सामन्याआधी कर्णधार पीटर जॅक्सन विजेतेपदाचा चषक स्वीकारतो. संघ मैदानाला फेरी मारतो.

३.०४

सामना सुरू.

३.४०

पहिला अर्ध संपत आलाय, गोल नाही. स्टँडच्या एका टोकाकडे, 'जी' विभागात, मागच्या रांगांमध्ये फळ्यांखाली उजेड दिसतो. काहींच्या पायांना ऊब लागते. धूर येतो. पोलीस लोकांना उठवू लागतात. एक पोलीस आग विझवण्याचं नळकांडं आणा म्हणून ओरडतो. गोंगाटात ते नीट ऐकू जात नाही आणि वायरलेसवरून अग्निशमन दलाला बोलावलं जातं. तसंही स्टँडमधली नळकांडी टवाळखोरांच्या भीतीने आधीच काढून नेलेली आहेत.

३.४३

दलाला कॉल गेल्याची नोंद. याच सुमारास पंच खेळ थांबवतात. यॉर्कशर टेलिव्हिजनसाठी सामन्याचं समालोचन करणारा जॉन हेल्म आता आगीचं समालोचन करतो आहे.

ज्वाळा छपराला भिडतात. डांबरी फेल्ट पेट घेतं, वितळतं आणि खाली माणसांवर गळू लागतं. छपराखाली कोंडलेली उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते. चार मिनिटांच्या आत अख्खा स्टँड पेटलेला असतो.

इथे दोन वाटा होत्या. खाली, पुढची भिंत ओलांडून मैदानात. किंवा वर, आलो त्या रस्त्याने मागे. त्या काळी हुल्लडबाजीला आळा म्हणून अनेक मैदानांवर प्रेक्षकांपुढे लोखंडी कुंपणं होती. या स्टँडपुढे नव्हतं. म्हणून बहुतेक जण वाचले. कुणी उडी मारली, कुणाला अनोळखी हातांनी ओढून घेतलं. खेळाडू, पोलीस, साधे प्रेक्षक पुन्हा पुन्हा भिंतीपाशी जात होते, स्वतःचे केस आणि कपडे पेट घेत असताना. पुढे त्यांच्यातल्या काहींना शौर्यपदकं मिळाली.

मागे वळलेल्यांना वेडं म्हणू नये. माणूस संकटात ओळखीच्या दाराकडेच जातो. पण सामना चालू असताना मागची दारं आणि टर्नस्टाइल बंद ठेवायची पद्धत होती. चिंचोळ्या बोळात धुराचा लोट. काहींनी दारं फोडली आणि कित्येकांना बाहेर काढलं. सगळ्या दारांपाशी तेवढा वेळ मिळाला नाही.

४ वाजल्यानंतर

आग विझते. मृतांचा अंतिम आकडा ५६ होतो, त्यांतले दोघं लिंकनचे पाठीराखे. जखमी २६५ हून अधिक. मेलेल्यांपैकी निम्मे विशीच्या आतले किंवा सत्तरीच्या पुढचे. सर्वांत वयस्कर होते क्लबचेच माजी अध्यक्ष, वय ८६.

भाजलेल्यांवर उपचारांसाठी डेव्हिड शार्प या प्लास्टिक सर्जनने बाहेरच्या शल्यचिकित्सकांनाही मदतीला बोलावलं. भाजलेला हात उंच आणि नीट स्थितीत धरून ठेवणारी त्यांची झोळी 'ब्रॅडफर्ड स्लिंग' या नावाने पुढे इतर देशांतही गेली.

पुढची दोन वर्षं

न्यायमूर्ती पॉपलवेल यांच्या चौकशीने कारण सांगितलं: फटीतून पडलेली जळती काडी, सिगारेट किंवा तंबाखू. कुणाचा हेतू नव्हता. १९८७ मध्ये न्यायालयाने निष्काळजीपणाची जबाबदारी वाटून दिली, दोन तृतीयांश क्लबवर आणि एक तृतीयांश काउंटी कौन्सिलवर. त्याच वर्षी नवा कायदा आला. पाचशे किंवा त्याहून अधिक प्रेक्षकांना सामावणाऱ्या प्रत्येक छप्परबंद स्टँडला सुरक्षा प्रमाणपत्र आवश्यक झालं, मग क्लब कोणत्याही विभागातला असो.