रूढी आणि आंतरराष्ट्रीय कायदा : दादरा-नगरहवेलीचा मार्गाधिकार
राष्ट्राराष्ट्रांतील दीर्घकालीन व एकसारखे वर्तन, ते कायद्याने बंधनकारक आहे या जाणिवेने पाळले गेले असता, त्यास आंतरराष्ट्रीय रूढी म्हणतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील अनुच्छेद ३८ मध्ये करारांच्या जोडीने तिचा निर्देश आहे. नुसती वहिवाट म्हणजे रूढी नव्हे. सौजन्याने दिलेली सवलत कितीही वर्षे चालली, तरी तीतून हक्क उत्पन्न होत नाही. सवलत व हक्क यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न पोर्तुगाल विरुद्ध भारत या दाव्यात (निकाल १२ एप्रिल १९६०) उपस्थित झाला. त्याचे मूळ पेशव्यांच्या सनदांत होते.

१७७९ च्या पुणे येथील तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणनजीकची वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देऊ केली; १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती लावून दिली. पोर्तुगालच्या मते हे सार्वभौमत्वाचे हस्तांतर होते. न्यायालयाने सनदांची भाषा तपासून ती जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे केवळ महसुलाचा हक्क होय, असे ठरविले. पेशवाईतील महसुली शब्दांच्या अर्थाचा हेग येथे खल व्हावा, हे विरळाच. मात्र मराठी सत्तेच्या अस्तानंतर इंग्रजांनी तेथील पोर्तुगीज सार्वभौमत्व मूकपणे मान्य केले.

१९५४ मध्ये दादरा व नगरहवेली मुक्त झाल्या आणि भारताने पोर्तुगीजांचा मार्ग बंद केला. केवळ दोन राष्ट्रांत रूढी निर्माण होऊ शकत नाही, हा भारताचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला. हिंदू कायद्यात एका कुळापुरता कुलाचार सिद्ध करता येतो, त्यासारखेच हे आहे. सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीवरून खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना मात्र ८ विरुद्ध ७ मतांनी तो नाकारला गेला. कारण १८७८ च्या करारापासून सैन्याच्या प्रवेशास परवानगी लागे, आणि जेथे परवानगी मागावी लागते तेथे ती नाकारण्याचा अधिकारही असतो. हक्क नाकारण्याची ही मीमांसा स्पष्ट आहे. तो मान्य करताना बंधनाची जाणीव कशावरून सिद्ध झाली, याचे विवेचन त्या मानाने त्रोटक वाटते. भारताने नेमलेले न्यायाधीश मो. क. छागला यांनी भिन्नमत नोंदविले. मार्ग रोखण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले.

ऑगस्ट १९६१ मध्ये हा प्रदेश भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला. पोर्तुगालने त्यास ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्यता दिली.