कॉन्टॅक्ट लेन्सचे प्रकार कसे घडले

बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, रक्तवाहिन्या नसतात. डोळा उघडा असताना त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. लेन्स बसली की ही वाट अडते. ती मोकळी ठेवत नजर सुधारण्याच्या खटपटीतून कॉन्टॅक्ट लेन्सचे आजचे बहुतेक प्रकार घडले.

1888 साली झुरिचमधील जर्मन नेत्रवैद्य आडोल्फ ऑयगेन फिक यांनी काचेच्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. 18 ते 21 मिलिमीटर व्यासाची ही वाटी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेके. तिच्या आणि पारपटलाच्या मधली जागा द्राक्षशर्करेच्या द्रावणाने भरत. फिक यांनी ती आधी सशांवर, मग स्वतःवर आणि नंतर रुग्णांवर वापरून पाहिली. फार तर दोनेक तास ती सहन होई. त्याच सुमारास पॅरिसमध्ये यूजेन काल्ट यांनी शंकूसारख्या पुढे आलेल्या पारपटलावर अशा काचा बसवल्या, तर कीलमध्ये ऑगस्ट म्यूलर या विद्यार्थ्याने स्वतःच्या मोठ्या मायनस नंबरासाठी त्या वापरून 1889 मध्ये प्रबंध लिहिला.

1930 च्या दशकात पीएमएमए हे हलके, काचेसारखे स्वच्छ प्लॅस्टिक आले. 1948 मध्ये कॅलिफोर्नियातील केविन ट्यूही यांनी त्यापासून फक्त पारपटलावर बसणारी छोटी लेन्स केली. पापणी मिटताना ती किंचित हलते आणि तिच्याखाली ताजे अश्रू शिरतात. खालच्या अश्रूंमुळे पारपटलाचा वेडावाकडेपणा भरून निघतो, त्यामुळे कडक लेन्समधून स्पष्ट दिसे. मात्र पीएमएमएमधून प्राणवायू जवळजवळ जात नाही आणि या लेन्सची सवय व्हायलाही दिवस लागत.

मऊ लेन्स प्रागमध्ये जन्मली. रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी पाणी शोषून मऊ होणारे हेमा हे जेल तयार केले आणि 1960 मध्ये ‘नेचर’मध्ये त्याची माहिती दिली. लेन्स करण्याच्या कामाला सरकारी पाठबळ उरले नाही, तेव्हा विख्टरले यांनी ते घरी नेले. 1961 च्या नाताळात त्यांनी मुलांच्या ‘मेर्कुर’ खेळण्याच्या धातूच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र उभे केले. फिरत्या साच्यात द्रव सोडला की तो कडेकडे पसरे आणि त्याच आकारात घट्ट होई. डायनॅमोची ताकद कमी पडू लागल्यावर ग्रामोफोनची मोटर आली. पुढे या शोधाचे हक्क अमेरिकेत गेले आणि 1971 मध्ये तिथे बॉश अँड लॉम्बच्या मऊ लेन्सला मान्यता मिळाली.

मऊ लेन्स पहिल्या दिवसापासून सोसते, पण ती पारपटलाचाच आकार घेते. त्यामुळे सिलिंड्रिकल नंबर तसाच राहतो. त्यासाठी डोळ्यात न फिरता ठरावीक दिशेत राहणाऱ्या टॉरिक लेन्स आल्या. कडक लेन्सच्या बाजूला 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्राणवायू जाऊ देणारे प्लॅस्टिक मिळाले. भारतात त्या लेन्सना सेमी-सॉफ्ट म्हणतात. शंकूसारख्या किंवा ओबडधोबड पारपटलासाठी त्या आजही उपयोगी आहेत. याच प्लॅस्टिकमुळे पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्सही पुन्हा वापरात आल्या.

मऊ लेन्सवर अश्रूंतील प्रथिने साचतात, म्हणून ती धुऊन द्रावणात ठेवावी लागे. घरी मिठाच्या पाण्यात लेन्स ठेवणाऱ्यांमध्ये 1980 च्या दशकात अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाचा घातक संसर्ग दिसला. 1987 मध्ये अमेरिकेत थोड्या दिवसांनी टाकून द्यायच्या लेन्स आल्या, पुढच्या दशकात रोज बदलायच्या. रोजच्या लेन्सला धुण्याचे द्रावण आणि डबी लागत नाही, म्हणून अधूनमधून वापरणाऱ्यांना आणि डोळ्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना त्या सोयीच्या ठरतात.

रात्री लेन्स घालून झोपण्यास अमेरिकेने 1981 मध्ये परवानगी दिली होती. पण अशा वापराने पारपटलावर व्रण होण्याचा धोका कितीतरी वाढतो, असे 1989 च्या अभ्यासांत दिसल्यावर मुदत 30 दिवसांवरून 7 दिवसांवर आणली गेली. 1999 च्या सुमारास मऊ लेन्ससाठी सिलिकॉन हायड्रोजेल हा नवा पदार्थ आला. त्यातून हेमापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू जातो, तरीही झोपेतील वापराने होणाऱ्या संसर्गाचा धोका संपला नाही. म्हणून लेन्स ठरवताना चष्म्याच्या नंबराबरोबर पारपटलाचा आकार, अश्रूंचे प्रमाण, रोजचे वापराचे तास आणि स्वच्छता पाळण्याची तयारी यांचाही विचार होतो.